माणशी नव्वद वॅट

मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी गारवा वसाहतीतल्या घर क्रमांक सतराने आत चार माणसे असल्याचे कळवले. घराला बाहेरून कुलूप होते.

हे उघडकीला आले एका फोनमुळे. सतरा नंबरच्या शशिकला तितरमारे भाच्याच्या लग्नाला सहकुटुंब अमरावतीला गेल्या होत्या. मांडवातूनच त्यांनी नागपूरच्या नियंत्रण कक्षात निलाक्षी धोटेला फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"निलू, तितरमारे काकू बोलतेय. निघताना हवेचा पंखा बंद करायचा राहिलाच बघ. तुझ्याकडून होतो ना?"

"घरात कोणी नसलं की तो आपोआप बंद होतो, काकू."

"म्हणजे झालाय ना बंद?"

निलाक्षीने पडद्यावर सतरा नंबर उघडला. पंखा चालू होता. चार माणसांना पुरेल इतकी हवा तो घरात सोडत होता.

"काकू, घरी कोण आहे?"

"कोण असणार? आम्ही चौघंही इथंच. सासूबाई तर पहिल्याच पंगतीला बसल्यात. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, आणि तिसरी जिलबी चाललीय!"

निलाक्षीने "बघते" म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा आकडा पाहिला. तीनशे एकसष्ट वॅट.

गारवा ही चंद्रपूरजवळची चौसष्ट घरांची वसाहत. तिथे उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसवर जातो, तरी घरांत सत्तावीस अंश असतात आणि वातानुकूलन यंत्र एकाही घरात नाही. सगळी करामत भिंतींची. विटा नाहीत, सिमेंट नाही. दोन पातळ, कणखर फळ्या आणि त्यांच्यामध्ये वीतभर जाडीचा उष्णतारोधक गाभा. कारखान्यातून भिंतच्या भिंत तयार होऊन येते आणि आठ दिवसांत घर उभे राहते. कागदोपत्री त्याला गाभाफलक म्हणत, लोक पॅनेल म्हणत. गाभा भाताच्या तणसाचा होता. तणसाच्या काड्या बुरशीच्या तंतूंनी एकमेकींना घट्ट बांधायच्या, मग फलक भट्टीत भाजून बुरशी मारायची. राहतो तो हलका, कोरडा, न जळणारा गाभा. थंड हवा येई जमिनीखालून, दोन पुरुष खोल पुरलेल्या भूनलिकांतून.

अशा बंदिस्त घरात उष्णतेचा चोख ताळा लागतो. भिंतींतून किती आत आली, हवेबरोबर किती बाहेर गेली, विजेच्या उपकरणांनी किती दिली हे मांडले की उरते ती माणसांच्या अंगची. माणूस म्हणजे साधारण नव्वद वॅटचा दिवा. चाललेला, बसलेला, झोपलेला, पण सतत पेटलेला. या उरलेल्या वॅटवरून घरात माणसे किती ते ठरवायचे आणि तितकीच हवा सोडायची, ही पद्धत निलाक्षीनेच बसवली होती. तिचे नाव ऊष्मागणती. कॅमेरे नकोत म्हणणाऱ्या रहिवाशांना ती पसंत पडली. त्यांच्या मुलांना तर फारच. तेवीस घरांत एकेकटी म्हातारी माणसे राहत होती आणि त्यांची मुले पुण्यात, बंगळुरात, टोरांटोत उठल्या उठल्या फोनवर आकडा पाहत. एक दिसला की कामाला लागत.

निलाक्षीने वसाहतीचे रखवालदार रामटेके यांना सतरा नंबरची शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन आत पाठवले. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, कोणी नाही जी. पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं. चोर असता तर माह्या आवाजानंच पळाला असता."

"नीट पाहिलंत ना?"

"पाहिलं न." रामटेक्यांनी आवाज खाली केला. "पण एक सांगू का? हसू नका. रिकामं घर कसं रिकामं लागते. हे नाही लागून राहिलं. जसे चौघंही आताच उठून आतल्या खोलीत गेले, अन् मी आतल्या खोलीत गेलो की बाहेरच्या. मी बाहेर येऊन बोलून राहिलो तुमच्याशी."

दार उघडल्यामुळे ताळा मोडला होता. दीड तासाने तो पुन्हा बसला. तीनशे साठ वॅट. चार माणसे.

*

मंगळवारी सकाळी निलाक्षीने डॉक्टर मनोहर गेडाम यांना गाठले. फलकातली बुरशी त्यांनी तयार केली होती. आता निवृत्त होऊन ते बल्लारपूरला मिरच्या लावत. दुपारी ते रामटेक्यांबरोबर सतरा नंबरमध्ये शिरले. निलाक्षी नागपूरहून पडद्यावर पाहत होती.

गेडाम भिंतीला तळहात लावत लावत खोल्यांतून फिरले. आग्नेयेच्या कोपऱ्यात थांबले, वाकले.

"इथं गिलावा कोणी केला? हा आमचा नाही."

"ते वास्तुपुरुषाचं हाय जी," रामटेके म्हणाले.

"भिंतीत?"

"मंग कुठं? जमिनीत तुमच्या थंड्या हवेच्या नळ्या. खोदू नका म्हणून तुमचीच पाटी. मंग गुरुजींनी तोड काढली. भिंतीला खाली हातभर भोक पाडायचं, मूर्ती पालथी ठेवायची, वरून बुजवायचं."

घरमालकांच्या पुस्तिकेत भिंतीला खिळा ठोकू नये असे ठळक अक्षरांत छापले होते. वास्तुशांतीबद्दल एक ओळही नव्हती. पुस्तिका निलाक्षीनेच लिहिली होती.

गेडामांनी गिलावा खरवडला. आत तळहाताएवढी तांब्याची प्रतिमा होती. तिच्याभोवती ठेवलेल्या सप्तधान्याचा, दहीभाताचा, शेवाळाचा कण उरला नव्हता. भोकाच्या कडांपासून गाभ्यात सगळीकडे पांढरे, ओलसर, कापसासारखे तंतू गेले होते. गेडामांनी बोटाने ते दाबले. दाबलेली जागा हळूहळू भरून आली.

"जिवंत आहे," ते म्हणाले.

"भट्टीत मारली होती ना, सर?"

"हजारात एखादा बीजाणू वाचतो, बाई. कोरड्या गाभ्यात शंभर वर्षं गपगार पडून राहील. त्याला काय पाहिजे? ओल, अन्न आणि थोडं आंबवण. तुमच्या लोकांनी साग्रसंगीत वाढलं. वर दूधही शिंपडलं असेल."

"शिंपडलं," रामटेके म्हणाले.

"पण सर, वॅट माणसांएवढेच कसे? चार म्हणजे चारच?"

गेडाम जमिनीवरच मांडी घालून बसले. "ही बुरशी मी आणली कुठून? वारुळातून. वाळवी तिला पाळते. वारुळात ऊब एकसारखी लागते. अर्धा अंश इकडेतिकडे झाला की बुरशी मरते आणि तिच्यामागे वाळवी. मी निवडून वाढवलेल्या वाणात एक खोड होती. जागी झाल्यावर पहिलं वर्षभर जी ऊब मिळेल ती ती आपली समजते. पुढे ऊब कमी पडली की स्वतःचं अन्न जाळून तेवढी भरून काढते. जास्त झाली की गप्प बसते. या घरात पहिल्या वर्षी माणसं किती होती?"

"चार."

"मग तिचं घर चौघांचं. दोघं बाहेर गेली की ती दोघांपुरती जळते. चौघं गेली की चौघांपुरती. ती माणसं मोजत नाही हो. कमी पडलं ते भरते, एवढंच. मोजता तुम्ही."

निलाक्षीने सतरा नंबरची सहा वर्षांची नोंद उघडली. पहिल्या वर्षी रेघ करवतीच्या दात्यांसारखी होती. सकाळी माणसे कामाला गेली की खाली, संध्याकाळी परतली की वर. दुसऱ्या वर्षापासून रेघ सपाट होती. तिने पुढची घरे उघडली. सपाट. सपाट. तिला आठवले, तीन वर्षांपूर्वीच्या अहवालात तिने हे यश म्हणून लिहिले होते: 'मापनातील चढउतार संपुष्टात'.

"आणि ती जाळते काय?"

"तणस. भिंत. चौघांपुरतं म्हणजे दिवसाला दोन किलो. दहा वर्षं सहज पुरेल, मग फळ्या पोकळ वाजतील. पण ते राहू द्या. मला वेगळंच विचारायचं आहे." गेडामांनी चष्मा काढून पुसला. "वसाहतीत एकेकटी माणसं किती?"

निलाक्षीला प्रश्न कळला. एकटा माणूस आत मेला, तरी घर एकच कळवत राहील.

*

संध्याकाळपर्यंत रामटेक्यांनी यादी केली. चौसष्टपैकी अठ्ठावन्न घरांत वास्तुशांत झाली होती. उरलेल्या सहांत त्यांचे स्वतःचे घर होते. तिथे त्रिशरण झाले होते आणि भिंतीला कोणी हात लावला नव्हता. एकेकट्या माणसांच्या घरांपैकी बावीस यादीत होती. निलाक्षीने एक वगळायला सांगितले होते. घर एक्केचाळीस.

"बाबा देव मानत नाहीत," ती म्हणाली. "आमच्याकडे वास्तुशांत झालीच नाही."

रामटेक्यांनी घाईघाईने उद्या किती वाजता दारे वाजवायची ते विचारले.

बुधवारी सकाळी त्यांनी बावीस दारे वाजवली. बावीस उघडली. झोपमोड झाली म्हणून दोघांनी शिव्या दिल्या, एका आजीने ताक प्यायल्याशिवाय सोडले नाही. त्याच सकाळी गेडामांनी निलाक्षीला एक परीक्षा सुचवली. भूनलिका बंद करून बाहेरची गरम हवा बेताने आत घ्यायची. घर दोन अंशांनी तापले की बुरशीला वाटेल ऊब पुरेशी आहे, आणि ती गप्प बसेल. माणूस मात्र गप्प बसू शकत नाही. मग जो आकडा उरेल तो माणसाचा. सतरा नंबरमध्ये दहा वाजता सुरुवात केली. दर दहा मिनिटांनी आकडा येत होता. साडेअकरा वाजता शून्य आले. पाच वर्षांत सतरा नंबरच्या नोंदीत आलेले ते पहिले शून्य.

दुपारी साडेतीन वाजता रामटेक्यांचा फोन आला.

"मॅडम, कालपासून पोटात ठेवून आहो. एक्केचाळीसमध्ये भोक मीच पाडलं."

"काय?"

"आईसाहेबांनी सांगितलं होतं. साहेब पेन्शनच्या कामाला नागपूरला गेले होते त्या दिवशी. गुरुजी आले, तासाभरात उरकलं. पलंगामागचा कोपरा, आईसाहेब झोपायच्या तिकडचा. म्हणल्या, रामटेके, तुम्ही मानत नाही, हेही मानत नाहीत, पण नव्या घराला कोणीतरी मानलं पाहिजे न. साहेबांना सांगू नका."

निलाक्षीने एक्केचाळीसची नोंद उघडली.

तिची आई, कुमुदिनी, त्या घरात दोन वर्षे राहून वारली. त्यानंतरही घर एक्केचाळीस दोन माणसे कळवत राहिले. एकशे चव्वेचाळीस वॅट. वडिलांचे चौऱ्याहत्तर, आईचे सत्तर. महिनाभर हा आकडा पाहून निलाक्षी वडिलांना म्हणाली की भिंतीच्या फलकात बिघाड आहे, माणूस पाठवून बदलून घेते. भाऊराव धोटे कोळशाच्या खाणीत तीस वर्षे सर्वेक्षक होते. मोजमापाशिवाय बोलत नसत. ते म्हणाले, "बदलू नको. तिच्या बाजूची भिंत कोमट असते. हात लावला की कळतं."

"भास आहे, बाबा."

"मला भास होतो. तुझ्या यंत्रालाही होतो?"

त्या रात्री निलाक्षीने एक्केचाळीसच्या नोंदीत कायमची दुरुस्ती घातली: उणे सत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊरावांच्या दाराशेजारच्या, माणसांचा आकडा दाखवणाऱ्या छोट्या पडद्यावर दोनाचा एक झाला. त्यांनी फोन करून एवढेच विचारले, "पुसलंस तिला?" आणि ठेवला. चार वर्षे होत आली त्या गोष्टीला. नंतर त्यांनी निलाक्षीचा फोन एकदाही उचलला नाही. दिवाळीला ती गेली की ते बाहेर ओट्यावर खुर्ची टाकत. आत ये म्हणत नसत.

तरी ती रोज सकाळी आकडा पाही. चौऱ्याहत्तर. बोलले नाही तरी माणूस आहे, हे तिला पुरे होते.

आता तिने दुरुस्ती काढून टाकली. एकशे चव्वेचाळीस. वडील आत असतील तर हे त्यांचे चौऱ्याहत्तर आणि भिंतीचे सत्तर. वडील नसतील तर सगळे भिंतीचे. सत्तर वजा केल्यावर दोन्हींचे उत्तर एकच येत होते, आणि ते उत्तर ती स्वतःच्या दुरुस्तीतून रोज वाचत होती.

"रामटेके, बाबांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"मागच्या मंगळवारी. सातूचं पीठ अन् गूळ घेऊन आले होते. मी म्हणलं, साहेब, स्वयंपाक बंद का? तर म्हणले, उन्हाळाभर सातूच."

दाराच्या नोंदीत शेवटचे उघडणे त्याच मंगळवारचे होते. आठ दिवस. विजेची नोंद आठही दिवस फक्त फ्रिजपुरती होती. पण सातू कालवायला शेगडी लागत नाही, दूरदर्शन ते पाहत नसत, दिवा लावायच्या आत झोपत, आणि एरवीही मे महिन्यात दहादहा दिवस दाराबाहेर येत नसत.

तिने फोन लावला. वाजत राहिला. तो तर चार वर्षे वाजतच राहत होता.

"दार वाजवा, रामटेके."

"वाजवून राहिलो, मॅडम. हात दुखला. आतून कडी हाय. बेल साहेबांनी काढून टाकली. अन् तुमच्या या भिंतीतून आवाज जाते कुठं?" मागे कोणीतरी खिडकीवर काहीतरी मारत होते. "तीन काचा हायेत जी. एक फुटली."

सुतार बल्लारपूरहून निघाला होता. अग्निशमन दलाने पाऊण तास सांगितला. महामार्गावर एक टँकर उलटला होता.

निलाक्षीने गेडामांना फोन लावला. "सर, परीक्षा करू?"

"करा. दोन अंशांनी म्हाताऱ्या माणसाला काही होत नाही."

"भिंतीचं काय होईल?"

"एकदा झोपली की पुन्हा जागी होईलच असं नाही. तुम्हाला तेच पाहिजे ना?"

वडील असतील तर पलंगाच्या त्या बाजूचा कोमटपणा जाईल, आणि तो कोणी घालवला हे त्यांना लगेच कळेल. नसतील तर त्या घरात सध्या जे काही ऊब धरून बसले आहे तेही विझेल.

"किती खाली गेला आकडा तर समजायचं, सर?"

"वय काय?"

"एकोणऐंशी. बारीक अंगाचे."

"जागा माणूस सत्तर-पंच्याहत्तर. गाढ झोपलेला साठ. साठाखाली जिवंत माणूस जात नाही, बाई. भिंत गप्प बसली आणि आकडा साठ-सत्तरवर टेकला, तर आहेत. टेकला नाही, तर..."

चार वाजता तिने भूनलिका बंद केली.

चार दहाला एकशे एक्केचाळीस. चार वीसला एकशे बत्तीस. रामटेक्यांनी फोन चालूच ठेवला होता, ते मधूनमधून "साहेब! ओ धोटे साहेब!" म्हणून ओरडत होते. चार चाळीसला एकशे सहा. तापमान अठ्ठावीस पूर्णांक दोन. पाचला शहात्तर.

निलाक्षीने आकडा पुन्हा वाचला. इथेच टेकायला हवा होता.

"दुसरी काच फुटली," रामटेके म्हणाले. "आत दिसते थोडं. पडदा हाय. पलंगाचा पायथा दिसते. पांघरूण हाय त्याच्यावर, पण खाली माणूस हाय का नुसतंच, नाही समजून राहिलं."

पाच वाजून दहा मिनिटांनी घर क्रमांक एक्केचाळीसचा आकडा त्रेसष्ट होता. पुढचे मापन पाच वीसला येणार होते.